तिसऱ्या अंकातली राजकन्या

मंडपाच्या धंद्यातला माणूस गावातल्या सगळ्या लग्नांना असतो, पण आमंत्रण त्याला एकाही लग्नाचं नसतं. वर्ध्यात मला ओळखणारे पुष्कळ आहेत. पण ते मला ओळखतात ते पाठमोरा, शिडीवर चढलेला, तोंडात सुतळी धरलेला. खाली उतरलो की कुणाला पटकन ओळख पटत नाही.

संध्याकाळी गोदामाला कुलूप लावल्यावर पुढे काय करायचं, हे मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. कुलूप लावायचं, थोडं चालत जायचं, नीट लागलं की नाही म्हणून परत यायचं आणि ओढून बघायचं. कधी कधी दोनदा. मग टपरीवर चहा. मग खोली. खोली गोदामाच्या मागेच, बोरगाव मेघेत. कुकरला भात लावायचा. इकडे मी पोळी खायला शिकलो, तर्रीही पचवायला शिकलो, पण रात्रीचा भात सुटला नाही. भात होईपर्यंत आईचा फोन येतो. "जेवलंस?" आणि मग "कधी येतलस?" मी म्हणतो, सीझन संपला की. मंडपाचा सीझन संपतो, पण माझं जाणं राहून जातं. तिथे जाऊन तरी काय करायचं, हा प्रश्न असतोच.

मी सिंधुदुर्गातला, समुद्राकडच्या गावचा. नववीत शाळा सुटली. खरं म्हणजे मीच सोडली, पण घरात कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. पुढे बाबांनी मला केबलचे चर खणणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर पाठवलं. निघालो त्या सकाळी बाबा ओटीवर सुपारी सोलत बसले होते. मी पाया पडलो. मान खाली घालूनच ते म्हणाले, "एसटी चुकवू नको." एवढंच.

चर खणत खणत आमची टोळी कारंजा घाडगेपर्यंत आली. तिथे हायवेच्या कडेला मला कावीळ झाली. टोळी पुढे गेली आणि मी एका धाब्याच्या मागच्या बाजेवर पडून राहिलो. त्या धाबेवाल्याचे मोठे भाऊ वर्ध्याला मंडप-डेकोरेशन करतात. ते कुठल्याशा लग्नाचं सामान घेऊन तिथे थांबले होते. मला बघून भावाला म्हणाले, "हा पोट्टा पिवळा पडला ना बे! इथंच मारतं का त्याले?" आणि टेम्पोत गाद्यांवर टाकून मला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन आले. बरा झाल्यावर त्यांनी मला 'जा' म्हटलं नाही. पण 'राहा' असंही कधी म्हटलं नाही. मी गाद्या झटकायला लागलो, मग शिड्या धरायला लागलो आणि राहिलो. हे माझे काका. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत आणि ते मी विसरत नाही. पण माणूस जिथे कुणी न म्हणता राहिलेला असतो, तिथे त्याला सारखं वाटत राहतं की एक दिवस कुणीतरी म्हणेल, बरं, झालं आता.

काकांना नाटकाचं वेड. इथल्या हौशी मंडळात ते बापाची कामं करतात, कारण मिशा स्वतःच्या आहेत. मंडळाचे दिग्दर्शक म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले सर. गेल्या वर्षी सरांनी जाहीर केलं की आपण एक जुनं संगीत नाटक करायचं, शंभर वर्षांपूर्वीचं, पदांसकट, नांदीसकट. तालमी आमच्याच भागातल्या समाजभवनात ठरल्या. सतरंजी आणि दिवे आमच्या गोदामातून न्यायचे म्हणून मी तिथे जाऊ लागलो. सतरंजी घातली की माझं काम संपायचं, पण मी दाराशी बसून राहायचो. कुलूप बघायला परत जाण्यापेक्षा ते बरं होतं.

नाटकातली गोष्ट साधी. राजकन्येला बापाने ठरवलेलं लग्न मान्य नाही. ती घर सोडून तिच्या मनातल्या माणसाकडे जाते. नायकाचं काम डेपोतल्या एका भाऊंकडे. एसटीच्या पासच्या खिडकीवर बसून त्यांचा आवाज मोठा झालेला आहे, आणि गातातही गोड. पेटीवर एक ताई, शाळेत संगीत शिकवणाऱ्या. अडलं होतं राजकन्येचं. नर्सिंग शिकणारी एक मुलगी ताईंनी आणली होती. कारंजाकडच्या एका गोंड वस्तीतली, आठवडाभर इथे होस्टेलला राहणारी. आवाज असा, की पहिल्या दिवशी तिने 'सा' लावला आणि भवनातला पंखा बंद करावासा वाटला.

पण सरांच्या मनात वेगळंच होतं. ते म्हणाले, "हे नाटक त्या काळी पुरुषांनीच केलं. राजकन्यासुद्धा. आपण जुनं नाटक जुन्यासारखं करून दाखवू. लोक बघायला येतील."

ताईंनी पेटीचा भाता सोडला. "सर, त्या काळी बाया स्टेजवर येत नव्हत्या म्हणून माणसाईले लुगडं नेसवलं. आमच्या आज्यांले वर चढायले किती वर्षं लागले! आता ही पोरगी समोर बसून आहे, अन् तुम्ही पुन्हा मिशी भादरलेला माणूस शोधून राह्यले. हे कायचं जुनं?"

"त्या नटांची एक कला होती, ताई. ती लोकांना कधी दिसणार?"

"मले कोणी बी चालते," डेपोवाले भाऊ मध्येच म्हणाले. "बाई राहो का माणूस राहो. फक्त माझ्या वाक्याच्या आधीचं वाक्य मले बराबर द्या."

तेवढ्यात काकांनी दाराकडे बोट केलं. "मंग आमचा हा पाहा ना. हा गावाले बाईचं काम करे."

हे मी काकांना एकदाच सांगितलं होतं, एका लग्नात झालर बांधताना, बोलता बोलता. आमच्याकडे जत्रेत दशावतार होतो. सगळे पुरुष, राणीसुद्धा पुरुष. शाळा सुटल्यावर दोन मोसम मी एका कंपनीबरोबर फिरलो होतो. आवाज फुटला तरी बारीक राहिला, म्हणून राणी नाहीतर राजकन्या माझ्याकडे यायची. काकांच्या ते लक्षात असेल, असं मला वाटलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. वर्ध्यात पहिल्यांदाच एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघत होती, आणि मी शिडीवर नव्हतो. मला घाम फुटला. पण खरं लिहायचं तर मला ते काम हवं होतं. राजकन्या व्हायची हौस म्हणून नाही. नाटकात काम असलं की रोज संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, तो आला नाही अजून, थांबा. माझ्यासाठी कुणी थांबावं, एवढंच मला हवं होतं.

सरांनी मला बागेतला प्रवेश दिला, दुसऱ्या अंकातला. वही हातात आली. मी हळू वाचतो, ते पुस्तकी मराठी तर फारच हळू. म्हणून मी सरांना विचारलं, यात होतं काय? ते म्हणाले, नायक येतो, ती रागावलेली आहे, तो समजूत काढतो, ती शेवटी हसते. म्हटलं, समजलं. वही मिटून खाली ठेवली आणि उभा राहिलो.

दशावतारात वही नसते. संध्याकाळी मालक कथा सांगतो, कोण कुणाचा कोण ते सांगतो आणि बोलायचं ते ज्याचं त्याने बोलायचं. समोरचा बोलेल त्याला उत्तर द्यायचं आणि कथा सोडायची नाही. मला वाटलं, नाटक म्हटलं की सगळीकडे असंच.

मी रागावलो. चांगलाच रागावलो. म्हणालो, इतके दिवस कुठे होता महाराज, बागेतली फुलंसुद्धा वाट बघून माना टाकायला लागली. डेपोवाले भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी आणखी एक टोमणा मारला. तरी ते गप्प. मला वाटलं, नायक घाबरला, म्हणून मी आणखी चढलो. शेवटी भाऊ कळवळून सरांना म्हणाले, "सर, हा कोणत्या पानावर हाय?"

भवन हसून हसून लोळलं. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

सरांनी मला जवळ बसवून नीट समजावून सांगितलं. "तू बोललास ते वाईट नव्हतं. पण लिहिलेलं नाटक म्हणजे लिहिलेलं नाटक. समोरच्याला त्याचं वाक्य सुचायला तुझं वाक्य तेच यावं लागतं, रोज तेच." त्यांचं बरोबर होतं. भाऊंची काय चूक?

मग त्या मुलीने तोच प्रवेश केला. शब्द न शब्द. भाऊंचा चेहरा पास मिळालेल्या प्रवाशासारखा उजळला.

"झालं तर मंग," ताई म्हणाल्या.

मी दाराशी जाऊन बसलो. ती मुलगी पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, एवढं पाठ कसं होतं? ती म्हणाली, "पाठच करावं लागते, दादा. घरी आम्ही गोंडी बोलतो. मनानं बोलायले गेली त तोंडात तेच येते." आणि हसली. मला ती आवडली. तिच्याकडून काम काढून घेऊन मला ते नको होतं, आणि तरीही हवं होतं.

पुढचा आठवडा मी सतरंजी घालून लगेच निघून यायचो. कुणी 'थांब' म्हणालं नाही.

मग तिसऱ्या अंकाची तालीम आली. मी दिव्याची वायर बदलत होतो. या अंकात राजकन्या बापाचा निरोप घेते. तिचं लांबलचक भाषण, बापाची चार वाक्यं, आणि पद. मुलगी भाषण बिनचूक म्हणाली. काका मात्र दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाईनात. सर डोकं धरून बसले. काकांचं तिसरं वाक्य ऐकायला मिळेल, ही आशा मंडळाने केव्हाच सोडलेली होती.

ती मुलगीच म्हणाली, "सर, हा अंक मला जमून नाई राह्यला. शब्द येतात, पण आतून काही येतच नाई. मी घर सोडून गेलीच नाई ना कधी. दर शनिवारच्या एसटीनं घरी जाते."

काकांनी संधी साधली. "मी म्हणतो, हा अंक याले द्या. इथं भाऊ नाई, कोणाचं वाक्य अडत नाई. बापाले हुंकारच देणं हाय. तो काई बी बोलू दे, मी मान खाली घालून 'हं' म्हणतो. माझं बी पाठांतर वाचते."

"एकाच राजकन्येचं काम दोघांनी करायचं?" डेपोवाल्या भाऊंनी विचारलं.

सर एकदम ताठ बसले. पूर्वी मोठ्या कंपन्या एकत्र येऊन नाटक करायच्या, तेव्हा एकच भूमिका अंकाअंकाला वेगवेगळे नट करत, असं ते सांगू लागले. म्हणजे हेही जुनंच. त्यांना त्यांचं जुनं मिळालं, ताईंना त्यांची पोरगी मिळाली.

फक्त ताईंनी पेटीवर बोट फिरवून कुरकुर केली. "ही काळी चारमध्ये गाते, हा काळी एकमध्ये. दोन अंक वर, तिसरा खाली, चौथा पुन्हा वर. राजकन्येले मधात सर्दी झाली म्हणून सांगायचं का लोकाईले?"

"त्या वयात होते सर्दी," काका म्हणाले.

मी उभा राहिलो. समोर काका पाटावर मान खाली घालून बसले होते. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं, की बाबा, मी निघाले. या घरात माझं काही राहिलं असेल तर ते तसंच राहू द्या, मी परत येईन म्हणून नाही, कुणीतरी इथे राहत होतं एवढं दिसावं म्हणून. आणि शेवटी म्हणालो, "बाबा, एकदा मान वर करा." काकांनी ठरल्याप्रमाणे मान वर केली नाही. "हं" म्हणाले. ताईंना सूर द्यायला उशीर झाला. पद झालं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रोज यायचं."

त्या दिवसापासून मी रोज गेलो. एकदा लग्नाच्या कामात अडकलो, तर डेपोवाल्या भाऊंचा फोन आला, "कुठं हायेस बे? सारे बसून हाओत." मी तो फोन ठेवल्यावर शिडीवर थोडा वेळ नुसताच थांबलो. खाली नवरीचा मामा ओरडत होता, झालर वाकडी आहे म्हणून.

प्रयोग शहरातल्या सभागृहात झाला. पडदे आम्हीच लावले होते, त्यामुळे दिवसभर मला राजकन्येपेक्षा दोऱ्यांचीच काळजी. मेकअप करताना दोनदा उठून गाठी बघून आलो. तिसऱ्या अंकात लुगडं सावरत मी आत गेलो, तेव्हा पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा त मंडपवाला!" मग लोक शांत झाले.

मी बोललो. रोज थोडं वेगळं व्हायचं, त्या दिवशीही झालं. बोलता बोलता शेवटाशी आलो. "बाबा, एकदा मान वर करा."

काकांनी मान वर केली.

तसं ठरलं नव्हतं. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि राजाच्या मुकुटाखालून ते त्यांच्या रोजच्या आवाजात म्हणाले, "मंग काऊन जातं वं माय? राह्य ना इथंच."

सभागृह आधी हसलं. मग कुणीतरी टाळी दिली. मग सगळे माझ्या उत्तराची वाट बघू लागले. विंगेत सर कपाळावर हात मारून उभे होते. त्यांच्या मागे चौथ्या अंकाची राजकन्या तयार होऊन उभी होती, माझ्याच रंगाच्या लुगड्यात. मी राहिलो असतो तर तिचा अंकच नव्हता. नाटकच नव्हतं.

आयुष्यात मला 'राहा' असं कुणी म्हटलेलं नव्हतं. आता म्हणालं होतं, आणि मी जाणाऱ्याच्या भूमिकेत उभा होतो. हो म्हणावंसं वाटलं. नुसतं त्या पाटाशेजारी बसावंसं वाटलं. पण कथा सोडायची नाही, हे एकच शिक्षण माझं पुरं झालेलं आहे.

"राहिले असते, बाबा," मी म्हणालो. "पण बाहेर रथ जोडून झालाय. आणि तुम्ही म्हणालात ना, तेवढं मी बरोबर नेते."

ताईंनी काळी एकचा सूर धरला. मी पद म्हटलं आणि विंगेत आलो. मुलगी माझ्या दंडाला हात लावून पुढे गेली, आणि थोड्या वेळाने तिचा वरचा सूर ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मेकअपच्या खोलीत एकटाच बसून बांगड्या उतरवत होतो. भिंतीपलीकडे माझी राजकन्या हसत होती, गात होती, तिच्या माणसाला भेटत होती.

प्रयोग संपल्यावर सगळे काकांभोवती जमले. त्या एका वाक्याचं केवढं कौतुक! काका हसत म्हणाले, "पाठ नव्हतं ना बे काई. समोर हा पाहून राह्यला. काई तरी बोलाच लागते." सगळे हसले. मी तोंड पुसत मागे उभा होतो. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पडदे उतरवायला गेलो. मोठ्या पडद्याची घडी दोघांनी घालायची असते. दोन टोकांना दोघं, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि कडा जुळवायच्या. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. काका ठरलेलं विसरले म्हणून म्हणाले, की मला म्हणाले? जवळ आलो तेव्हा मी विचारलं, "काका, काल ते तुम्ही जे बोललात..."

"कोणतं?" काका म्हणाले. त्यांनी त्यांच्याकडची कड माझ्या हातात दिली, खालची दुमड उचलली आणि पुन्हा मागे मागे जाऊ लागले. "मले त काई पाठच राहत नाई, बापू. घट्ट धर, ढिला सोडू नको."

मी घट्ट धरला. पुढच्या घडीला ते जवळ आले तेव्हा मी पुन्हा विचारलं नाही. पडदा टेम्पोत टाकून काका पुढे चहाला गेले. मी टेम्पोचा मागचा फाळका लावला, कडी बसली की नाही ते ओढून बघितलं आणि त्यांच्या मागे निघालो. ते टपरीवर पोचलेसुद्धा होते. मी पोचलो तेव्हा त्यांचा चहा संपत आला होता. माझा सांगितलेला नव्हता. मी एक सांगितला.